निरगाठ

४ सप्टेंबर

आदरणीय सर,

तुमच्या आज्ञेप्रमाणे कागद-पेन घेऊन बसले आहे. या परदेश दौऱ्याच्या तुकडीतले बाकीचे आपापल्या मार्गदर्शकांना फोनवर चार ओळी पाठवून मोकळे होतात. मी मात्र पत्र लिहायचं, त्याचा फोटो काढायचा आणि तो तुम्हाला पाठवायचा. यावर भूगोल म्हणाली, "तुझे सर म्हणजे अजब वल्ली दिसतात." भूगोल म्हणजे माझ्या खोलीतली मुलगी. त्या विभागाची ती एकटीच आली आहे, म्हणून तिला तेच नाव पडलं. घोरते, पण मनाने चांगली आहे.

आज आम्हाला इथली संसद दाखवली. विरोधी बाकावरचा एक माणूस तावातावाने बोलत होता, आणि समोरचा मंत्री शांतपणे कान कोरत होता. लोकशाही सगळीकडे सारखीच, असं मी वहीत लिहिलं. दुपारी मध्यवर्ती बँकेत नेलं. तिथे रद्द केलेल्या नोटांचा भुसा काचेच्या पेटीत भरून ठेवला आहे. आमच्यातला एक जण पेटीला नाक लावून इतका वेळ उभा राहिला की पहारेकऱ्याने येऊन विचारपूस केली. एकूण, राजकारण आणि अर्थकारण यांचा अभ्यास जोरात चालू आहे. इतिहासाचा उद्यापासून.

सर, मी इथे आहे यावर माझाच अजून विश्वास बसत नाही. निवड समितीत तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, हे मला ऑफिसातल्या शिपायांनी सांगितलं. तुम्ही स्वतः कधी सांगितलं नसतंत.

आई बरी आहे. म्हणजे घरी आहे. कारखान्यातून कमी केल्यापासून दिवसभर काहीतरी आवरत असते. सकाळी बोटं वळत नाहीत, मग डबा उघडताना चिडते आणि डब्याला शिव्या देते. मी निघाले तेव्हा टाचणीमावशी बसस्टँडवर आली होती. लांब, खांबाशी उभी होती. आईने तोंड फिरवलं, मीही फिरवलं. एवढं होऊन यायची हिंमत होते याचंच मला नवल वाटलं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण राग आला की मला पहिल्यापासून सांगावंसं वाटतं. तेव्हा ऐका. शिलाईच्या लाइनवर कपड्यांचे गठ्ठे एकीकडून दुसरीकडे जातात. कॉलरवाली बाही लावणारीकडे देते, ती कफवालीकडे. गठ्ठा चिंधीने बांधलेला असतो, सुरगाठीने, म्हणजे पुढचीने टोक ओढलं की सुटला. पण लाइनवर एखादीला झेपत नसेल, पोटुशी असेल, ताप असेल, तर तिचा गठ्ठा निरगाठ मारून पुढे जातो. निरगाठ हाताला लागली की पुढची हात सावकाश चालवते आणि तीही निरगाठच मारते. बघता बघता सगळी लाइन सावकाश होते. सुपरवायझरला कळत नाही की मागे पडते आहे ती कोण. बायकाही एकमेकींना विचारत नाहीत. ही रीत कुणी काढली ते कुणालाच माहीत नाही. आईला तिच्याआधीच्या बायकांनी शिकवली.

गेल्या वर्षी त्या गाठी आईच्या बोटांसाठी पडत होत्या. मग एके सकाळी सगळ्या चिंध्या गायब, आणि त्या जागी प्रत्येकीचा नंबर घातलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा. त्याच सकाळी टाचणीमावशीला लाइनवरून उचलून चेकिंगच्या खुर्चीवर बसवलं. पाठीला टेकायला गादी, डोक्यावर पंखा. महिन्याभरात आई घरी बसली. मावशी आपली म्हणत राहिली, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली गं." आई म्हणाली, "कावळ्याला खुर्ची मिळाली, फांदी माझी मोडली." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. एका बाकावर शिकलेल्या, एका दिवशी कामाला लागलेल्या बायका. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच.

असो. तुम्ही म्हणता तसं, वैयक्तिक गोष्टींवर शाई घालवू नये. आपली तब्येत सांभाळा.

आपली विद्यार्थिनी


११ सप्टेंबर

आदरणीय सर,

माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर म्हणून तुमचा एक अंगठा आला. मी तो भूगोलला दाखवला. ती म्हणाली, "अंगठाबहाद्दर!" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

हा आठवडा इतिहासाचा होता. पोलादाचा एक बंद कारखाना पाहिला, त्याचं आता संग्रहालय केलं आहे. भट्टी थंड, पण आत लालसर दिवे लावून ठेवले आहेत, म्हणजे बघणाऱ्याला जरा ऊब वाटावी. संप कसा झाला, कसा मोडला, हे भिंतीभर चित्रांत आहे. बाहेर पडताना दुकान लागतं. तिथे संपकऱ्यांच्या टोप्या विकायला आहेत. मी घेतली नाही.

आता खरी बातमी. इथे आम्हाला श्रमाचं अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी मला तास संपल्यावर थांबवून घेतलं. तुमचं नाव काढलं आणि त्यांचा चेहराच उजळला! तुम्ही दोघांनी मिळून काम केलं आहे, हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्या हाताखाली शिकायला एक जागा आहे. म्हणाल्या, "तुझ्या सरांचं शिफारसपत्र आलं की बाकीचं मी बघते." सर, मी वसतिगृहापर्यंत पळत आले. लोक वळून बघत होते. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी इथे शिकेल, हे आईला अजून सांगितलं नाही. तुमचं पत्र गेल्यावर सांगेन. हातातोंडाशी आलेला घास आहे, आधी बोलून नजर लावायला नको.

आणि परवा बाईंची कार्यशाळा आहे. त्यात म्हणे एक खेळ असतो. मी विचारलं, कसला? तर हसल्या. "तुझ्या सरांनीच तो रचला आहे. आधी सांगितलं तर मजा जाईल." तुम्ही खेळ रचता! वर्गात तुम्ही साधा विनोद केला तरी आम्ही तारीख लिहून ठेवतो.

बाई आणखी म्हणाल्या की शेवटच्या दिवशी आम्ही 'या दौऱ्यात काय शिकलो' ते सांगू तेव्हा तुम्ही तिकडून पडद्यावर हजर असाल. मी आत्तापासून तयारीला लागले आहे. तुमची मान खाली जाईल असं काही करणार नाही.

आपली विद्यार्थिनी


१३ सप्टेंबर

सर,

कार्यशाळा झाली. खेळ रंगला. सगळे खूप हसले.

एक शंका आहे. खेळात निरगाठ होती. आपल्या लाइनवरची, तशीच. ती तुम्ही कुठून घेतलीत? जगात शिलाईचे कारखाने पुष्कळ आहेत, दुसरीकडेही हीच रीत असू शकते. तसं असेल तर नुसतं 'हो' पाठवा. या वेळी अंगठा पाठवलात तरी चालेल.

मला जरा बरं नाही, म्हणून आज एवढंच.


१६ सप्टेंबर

सर,

तीन दिवस मी फोन उशाशी घेऊन होते. आज तुमचं उत्तर आलं. तुम्ही लिहिता, 'अभ्यासात माणसं नसतात, नमुने असतात. भावनेच्या भरात निष्कर्ष काढू नकोस. शिफारसपत्र तयार आहे, तू शांत झालीस की पाठवतो.'

याचा अर्थ 'हो, तुमच्याच घरातून घेतली' असा होतो, हे कळायला मला बाईंच्या हाताखाली शिकायची गरज नाही.

मग तुमचा खेळ कसा झाला ते तुम्हाला सांगते. रचणाऱ्याला तो खेळायला कुठे मिळतो?

मोठा, उजेडाचा वर्ग. बाईंनी आमचे दोन गट केले, मालक आणि कामगार. कामगारांनी कागदाचे सदरे कापायचे, घड्या घालायच्या, पेनने बटणं काढायची आणि गठ्ठा फितीने बांधून पुढे द्यायचा. आमच्यातल्या एकाच्या हाताला बाईंनी पट्टी बांधली, वर बाही ओढली. तो हळू काम करणार. मालकांनी तो कोण ते ओळखून काढून टाकायचा. मग बाईंनी आम्हा कामगारांना कोपऱ्यात घेतलं आणि हळूच सांगितलं, तुमच्याकडे एक गुप्त रीत आहे. हातात फीत घेऊन त्यांनी निरगाठ मारून दाखवली.

सर, मी ती फीत हातात घेऊन पाहिली, गाठ तीच होती. तरी मी मनाशी म्हटलं, असेल, गाठीच त्या. कुणालाही सुचतील.

पहिल्या डावात मालक हरले. आमच्या गटातल्या कुणालाच धड गाठ मारता येत नव्हती, मला येत होती. लहानपणी मी आईजवळ बसून चिंध्यांच्या गाठी मारत असे, तोच माझा खेळ होता. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघून हात चालवायला लागले. पट्टीवाला शेवटपर्यंत सापडला नाही. आम्ही टाळ्या पिटल्या. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा पिटल्या.

मग बाई मालकांना म्हणाल्या, "आता तुम्हाला दोन चाली मिळतील." पहिली चाल: फिती बंद, क्लिपा सुरू. दुसरी चाल: ज्याच्यावर कामगारांचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, त्याला त्याच वेळी आरामाची जागा द्या, आणि त्याचं कारण कुणालाही सांगू नका.

भूगोल मालकांच्या गटात होती. ती थेट माझ्यापाशी आली, वाकून मुजरा केल्यासारखं केलं आणि मला बाईंच्या गादीच्या खुर्चीत नेऊन बसवलं. सगळे हसत होते. टेबलांवर क्लिपा आल्या. आणि माझ्याच गटातला, सकाळी माझ्याबरोबर चहा प्यायलेला मुलगा ओरडला, "अरे, हिनेच सांगितलं! ही फितूर आहे!" बाकीचेही सुरू झाले. मी म्हणाले, "मी काही नाही सांगितलं." कुणी ऐकेना. मी पुन्हा म्हणाले, "अरे, शपथ, मी नाही सांगितलं." माझ्या तोंडून टाचणीमावशी बोलत होती, सर. शब्द न शब्द तोच. तिनेही आमच्या दारात उभं राहून दोनदाच सांगितलं होतं, आणि आईने दार लावून घेतलं होतं.

दहा मिनिटांत पट्टीवाला सापडला. त्याला हाकलताना लोक लोळत होते हसून. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'संशय स्वस्त पडतो.' म्हणाल्या, हे वाक्य तुझ्या सरांचं. खऱ्या कारखान्यात, खऱ्या सल्ल्यातून सिद्ध झालेलं. माझ्याकडे बघून अभिमानाने हसल्या. मीही हसले. मला दुसरं काय करावं ते कळेना.

आता तुमच्या 'नमुन्या'बद्दल.

क्लिपा यायच्या आधी एका संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी जमिनीवर मांडी घालून जेवलात. आईने दोनदा वाढलं, तुम्ही नको म्हणाला नाहीत. ती आठवडाभर शेजारीपाजारी सांगत होती, "एवढे मोठे सर, पण ताटात काही टाकलं नाही." तुमच्यासाठी म्हणून तिने टाचणीमावशीलाही बोलावलं होतं. मावशीच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, त्यामुळे तिला कमी बोलायची सवय. पण त्या दिवशी ती खुलली. पिशवीतून चिंध्या काढल्या आणि तुमच्या समोर गाठी मारून दाखवल्या. तुम्ही वही काढली नाहीत, म्हणून मला तुमचं फार कौतुक वाटलं होतं. मावशी म्हणाली, "सर, हे बाहेर बोलायचं नाही हं. आमच्या पोटावर पाय येईल." तुम्ही म्हणालात, "मावशी, मी शिक्षक आहे."

या वाक्याचा अर्थ 'नाही सांगणार' असा होतो, असं आम्हा तिघींनाही वाटलं.

आणि निघताना चपला घालता घालता तुम्ही आईला सहज विचारलंत, "लाइनवर कुणाचा शब्द चालतो हो?" आई मावशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "हिचा! ही म्हणेल ती पूर्व." तेव्हा आई किती खूश होती ते तुम्ही पाहिलंत. कंदील धरून तुम्हाला वाट दाखवली तिने, आणि तुम्ही तिचंच घर फोडलंत. सर, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात हे मी ऐकलं होतं. ते इतकं शुद्ध बोलत असतील हे माहीत नव्हतं.

कारखान्याचे सल्लागार कधीपासून आहात? आधी होतात म्हणून आमच्याकडे जेवायला आलात, की जेवून गेल्यावर झालात? मला एवढंच कळू द्या.


१८ सप्टेंबर

सर,

अखेर तुमचा फोन आला. दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच मला आपणहून फोन केलात. आवाज तोच, वर्गातला, समजावणारा. तुमचं म्हणणं मी नीट लिहून काढते आहे, म्हणजे अन्याय व्हायला नको.

तुम्ही म्हणालात, बाहेरची गिऱ्हाइकं सोडून चालली होती. माल वेळेवर जात नव्हता. कारखाना बंद पडला असता तर सगळ्याच बायका रस्त्यावर आल्या असत्या. तुमच्या सल्ल्याने थोड्या गेल्या आणि पुष्कळ वाचल्या. "त्या थोड्यांत तुझी आई असेल हे मला ठाऊक नव्हतं," असंही म्हणालात.

मी बराच विचार केला. तुमचं बरोबरही असेल. कारखाना खरंच बुडाला असता, कोण जाणे. मग तसं येऊन सांगायचं होतं. बायकांना बसवून सांगायचं होतं की बायांनो, असं असं आहे, वेग वाढवला नाही तर सगळंच जाईल. त्या अडाणी नाहीत. त्यांनी आईला स्वतः सांगितलं असतं, आणि आईने स्वतः मशीन सोडलं असतं. रडली असती, पण टाचणीमावशीच्या खांद्यावर रडली असती. क्लिपांचं मी समजू शकते, सर. त्या खुर्चीचं मला समजत नाही. त्या खुर्चीने माल वेळेवर जात नाही. खुर्ची फक्त एवढ्यासाठी होती की बायकांनी तुमच्याकडे बघू नये, मावशीकडे बघावं.

खुर्चीचं मी फोनवर विचारलंच होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, "शेवटच्या दिवशी काय बोलायचं ते नीट ठरव. तुझं शिफारसपत्र माझ्या टेबलावर आहे." आणि लगेच, "हवामान कसं आहे तिकडे?"

हवामान चांगलं आहे.

फोन ठेवल्यावर मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. खेळ, खुर्ची, तुमचं नाव. मला वाटलं ती तुम्हाला शिव्या देईल. ती म्हणाली, "मीच सांगितलं गं त्यांना. मीच म्हटलं, हिचा शब्द चालतो." आणि फोन कापला. नंतर उचललाच नाही. शेजारच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, दार लोटलेलं आहे आणि आत भांड्यांचा आवाज येतो आहे.

भूगोलला सगळं कळलं आहे. मला खुर्चीत बसवलं म्हणून ती उगाच माझी माफी मागत राहते. तिचा काय दोष? चाल तुम्ही दिलीत, तिने फक्त खेळली.


२२ सप्टेंबर

सर,

आजचं तुम्ही स्वतः पाहिलंत, निम्मं तरी. उरलेलं कळवते.

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी ठरवलेलं काहीच बोलले नाही. फक्त खिशातून दोन चिंध्या काढून गाठी मारल्या, एक सुर आणि एक निर. आणि म्हणाले, "हा नमुना नाही. ही माझ्या आईच्या लाइनवरची रीत आहे. तुम्ही त्या दिवशी ज्याला हसून हाकललंत ती माझी आई, आणि मी ज्या खुर्चीत बसले होते तिच्यात एक खरी बाई अजून बसलेली आहे. तिने काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पडद्यावर बसलेत त्यांनी."

माझा आवाज चिरकला. मला नीट बोलायचं होतं, तुम्ही शिकवलंत तसं, मुद्दा, पुरावा, निष्कर्ष. पण तोंडातून भांडणच बाहेर पडलं. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर तुमच्या जागी नुसता काळा चौकोन होता. वीज गेली असं तुम्ही बाईंना नंतर कळवलंत म्हणे.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं होतं की कामगारांची संमती आहे." मी म्हणाले, "हो, दोनदा वाढून घेतलं होतं." त्यांना ते कळलं नाही. तो खेळ पुन्हा वर्गात घेणार नाही असं त्या म्हणाल्या. घेतला नाही तर चांगलंच, पण त्याने आईला काय?

जागेचं विचारलं. तर म्हणाल्या, शिफारसपत्राशिवाय त्यांचेही हात बांधलेले आहेत, आणि मान खाली घातली. तेव्हा तुमच्या टेबलावरचं पत्र तिथेच राहू द्या. मला हवी होती ती जागा. फार हवी होती, सर. ते लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी बॅग भरताना मी भूगोलच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले, आणि तिने माझ्या वाटणीच्याही घड्या घातल्या.


२३ सप्टेंबर

सर,

हे शेवटचं पत्र. विमानतळाच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सकाळी आईचा फोन आला. पाच दिवसांनी. मागे कपबशांचा आवाज येत होता. म्हणाली, "मी टाचणीकडे आहे, कालपासून."

त्याच दिवशी जायचं तिच्या मनात होतं, पण पाय उचलत नव्हता. काल शेवटी गेली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "टाचणे, ते सर होते गं." मावशी चेकिंगहून येऊन घरचं शिवण घेऊन बसली होती. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या आणि म्हणाली, "माहीत आहे. आत ये."

आईला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मावशी म्हणाली, "क्लिपा आल्या त्याच दिवशी कळलं मला. आपल्यातल्या कुणी फोडलं असतं तर सुपरवायझरकडे फोडलं असतं. त्या बिचाऱ्याला तर क्लिपा कशासाठी आल्यात तेच माहीत नव्हतं. म्हणजे हे वरून आलं. आणि वरच्यांत बसणारा असा एकच माणूस, ज्याला मी माझ्या हाताने गाठ मारून दाखवली होती."

आई तिच्या अंगावर धावून गेली. "मग बोलली का नाहीस? वर्षभर मी तुझं तोंड बघितलं नाही, बायका तुला नाही नाही ते बोलल्या, आणि तू गप्प?"

"बोलले असते तर तू काय केलं असतंस?" मावशी म्हणाली. "त्याच दिवशी पोरीला कॉलेजातून काढून घरी बसवलं असतंस. तुला मी ओळखत नाही का? आणि तू नसतंस बसवलं तर त्यांनी तिला वर येऊ दिलं नसतं. तिला दौऱ्याला जायचं होतं. तू तशीही माझ्यावर चिडलीच होतीस. म्हटलं, राहू दे चिडलेली. पोरगी जाऊन येऊ दे, मग बघू."

आई हे सगळं सांगत होती. मी विमानतळावर सगळ्यांच्या देखत हुंदके देत होते, आणि समोरचे एक आजोबा मला रुमाल द्यावा की नको या विचारात चुळबुळत होते.

ज्या बाईकडे मी बसस्टँडवर पाठ फिरवली, ती मला जाताना बघायला आली होती. एवढंच. दुसरं काही काम नव्हतं तिचं.

मी आईला म्हणाले, मावशीला फोन दे. मावशी फोनवर कधीच नीट बोलत नाही. ती आधी मोठ्याने "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग म्हणाली, "पोरी, तुझी ती जागा झाली का गं पक्की? आई म्हणत होती, काहीतरी जागा आहे."

त्या दिवशी फोनवर सगळं सांगताना जागेचंही माझ्या तोंडून गेलं होतं. मी म्हणाले, "नाही मावशी. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सर आता पत्र देणार नाहीत."

ती अगदी हळू, रागावून नव्हे, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तशी म्हणाली, "अगं, मग मी वर्षभर गप्प कशाला बसले?"

याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर मला कळवू नका, सर. आमच्या घरी या. आई पुन्हा जेवायला वाढेल, ती तशीच आहे. मावशी समोर बसलेली असेल. तिला सांगा.